दाराखालचे अजगर

९ फेब्रुवारी, सोमवार

मिळाली! परवानगी मिळाली!

मालकीणबाई कचेरीतून आल्या त्या टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडल्या, "चहा टाका रे कुणीतरी!" त्यांनी चहा मागितला म्हणजे काम झालं, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. काम झालं नाही की त्या पाणी मागतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

महिनाभर जेवण गोड लागत नव्हतं. 

नीट लिहून ठेवतो, म्हणजे मलाही नीट समजेल. श्रीमंत देशांतले लोक नको झालेले कपडे देऊन टाकतात. तिकडे ते दाबून गासड्या बांधतात आणि जहाजाने आपल्यासारख्या देशांत पाठवतात. आम्ही त्या गासड्या फोडतो, निवडतो, विकतो. म्हणजे विकत होतो. या वर्षापासून सरकारने बंदी घातली, कारण स्वस्त जुन्या कपड्यांनी इथल्या शिलाईचा धंदा बुडतो. सूट एवढीच, की जुन्या कपड्यांतून नवी वस्तू करून बाहेर पाठवत असाल तर गासड्या आणायला हरकत नाही. पण पहिली खेप तिकडच्या गिऱ्हाइकाने पसंत करून ठेवून घेतली पाहिजे. ती परत आली तर परवानगी रद्द आणि शेडला कुलूप.

घर माझ्या आणि ताईच्या इथल्या पगारावर चालतं. शेडला कुलूप म्हणजे ताई परदेशी. बंदीची बातमी आली त्याच आठवड्यात तिने एजंटबाईंकडे नाव घातलं. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला बायका हव्या आहेत. पासपोर्टसुद्धा काढून झाला. घरात यावर कुणी बोलत नाही. आई फक्त भांडी जरा जास्त आवाज करत ठेवते.

म्हणजे शेड चालली पाहिजे. शेड चालली की ताई कशाला जाईल?

१० फेब्रुवारी

काय शिवायचं ते आज कळलं, आणि कुणालाच काही कळलं नाही.

गिऱ्हाइकाने फोटो आणि मापं पाठवली आहेत. फोटोत एक बंद दार. दाराच्या खाली, फटीला चिकटून, दाराएवढीच लांब, हातभर घेराची भरलेली गुंडाळी. बस! मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "ही काय दाराची उशी? दार झोपतं का तिकडे?"

मास्तर आमचे कटिंगमास्तर. आधी त्यांचं स्वतःचं शिंप्याचं दुकान होतं.

कुणी म्हणालं लोड, कुणी म्हणालं पायपुसणं, चुकून गोल झालेलं. ताई म्हणाली, "अजगर आहे. गिळून पडलाय." झालं! तेव्हापासून सगळे अजगरच म्हणतात. मालकीणबाई फोनवर गिऱ्हाइकाच्या माणसाशी इतक्या गंभीरपणे बोलत होत्या आणि मागून बायका खिदळत होत्या—"किती अजगर पाहिजेत विचारा!"

गंमत म्हणजे माल सगळा आमच्याकडेच पडून आहे. गासड्यांतून जाडजूड थंडीचे कोट येतात, ते इथे कुत्रं विचारत नाही. इथे उन्हाने डांबर चपलेला चिकटतं, कोट घालून माणूस जाईल कुठे? आता कोटाचं कापड बाहेरून, कोटातलंच भरण आतून. फुकट पडलेल्या ढिगाला कुणीतरी विचारलं!

११ फेब्रुवारी

आज दिवसभर एकच वाद. ही वस्तू कशासाठी?

मास्तरांचं म्हणणं बरोबर वाटलं. दाराखालून काय काय येतं ते मोजा, म्हणाले. धूळ येते. मुंग्या येतात. झुरळ, उंदीर. ते अडवायला ही गुंडाळी. श्रीमंत लोकांना धूळ खपत नाही.

मग ताई म्हणाली, "पण मग वाराही अडेल की! खोलीत माणूस उकडून मरेल."

 खरंच की!

ताईनेच तोड काढली. गुंडाळीच्या मागच्या बाजूला, जी दाराकडे राहणार त्या बाजूला, आणि पुढे खालच्या अंगाला, टोकापासून टोकापर्यंत बारीक जाळीची पट्टी लावायची. भरण जरा मोकळं ठेवायचं. धूळ अडेल, किडा अडेल, वारा मात्र खेळता राहील. खेळाडूंच्या बनियनांची जाळी ढिगाने आहे. वरून काही दिसणार नाही. मालकीणबाई हातात नमुना घेऊन किती वेळ बघत राहिल्या. "ही सुधारणा आपल्याकडून," म्हणाल्या. "आपण नुसते हमाल नाही, डोकंही चालवतो, हे त्यांनाही कळू दे."

ताईचा चेहरा असा काही खुलला! पुष्कळ दिवसांनी.

नमुना विमानाने पाठवणं परवडत नाही, म्हणून फोटोवर मंजुरी घ्यायची ठरली. फोटो मी काढला. समोरून, उजेडात, सुरकुती न दिसेल असा. चेकिंगही माझ्याकडेच आहे. आठवीत शाळा सुटली, पण डोळा आणि शुद्धलेखन दोन्ही शाबूत, असं मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणतात. मास्तर मला "इन्स्पेक्टरसाहेब" म्हणतात. ते मात्र कौतुकाने म्हणत नाहीत.

१४ फेब्रुवारी

फोटो मंजूर! "फार सुंदर," असं उत्तर आलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि भांडी हळू ठेवली.

१८ फेब्रुवारी

आज मास्तर आणि मालकीणबाईंची जुंपली. निमित्त कात्रीला धार नाही. पण बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"या गासड्यांनीच माझं दुकान खाल्लं," मास्तर म्हणाले. "माझ्या एका सदऱ्याच्या शिलाईत तुमचे चार तयार सदरे येत होते. गिऱ्हाईक काय वेडं आहे?"

"मग मी काय करायचं होतं? माझ्या पदरीही दोन पोरं होती."

"मी कुठे म्हणतो काही करायचं होतं! मी फक्त सांगतो. त्यांच्याकडे कपडे उतू जातात म्हणून इकडचा शिंपी उपाशी. आता त्याच शिंप्याने त्यांच्या दारांना उशा शिवायच्या."

मला वाटलं आता मास्तर निघून जातात. ते गेले तर कापणार कोण?  पण मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, उशा शिवताना तरी तुमची शिलाई तिकडे जाते आहे ना? आजवर त्यांचंच इकडे येत होतं." मास्तरांनी कात्री उचलली. म्हणाले, "कात्रीला धार लावून आणतो."

सुटलो!

मी विचार करत बसलो. बंदी आली म्हणून मास्तरांचं बरं झालं असतं, पण दुकान तर कधीच गेलं होतं. आणि बंदीमुळे बंद पडायला निघालो आम्ही. एकाच कायद्याने एकाच शेडमधल्या दोन माणसांचं उलटसुलट होतं. सरकारलाही हे सगळं एकदम दिसत नसणार. मला तर मुळीच दिसत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दाखल्याची कचेरी. माल "इथला" आहे असा शिक्का लागतो. शिक्का असला तर तिकडे आपल्या मालावर जकात नाही, कारण आपला देश गरिबांच्या यादीत आहे. नसला तर जकात बसते आणि गिऱ्हाईक पळतं. मालकीणबाईंबरोबर मी आणि मास्तर.

साहेबांनी अजगर टेबलावर आडवा ठेवून घेतला. टेबल पुरेना. "कापड त्यांचं?"

"हो."

"भरण?"

"त्यांचंच."

"दोरा?"

"दोरा आमचा!" मास्तर ठसक्यात म्हणाले.

"म्हणजे त्यांचंच सामान त्यांना परत. यात तुमचं काय, बाई?"

 मालकीणबाईंनी उलट विचारलं, "साहेब, तुमच्या अंगातल्या शर्टाचं कापड कुठल्या देशाचं?"

साहेबांनी कॉलरकडे बघायचा प्रयत्न केला. "शर्ट बायकोने आणलाय. तिलाच विचारायला हवं."

"पण शर्ट कुणाचा?"

साहेब हसले. मग पुस्तक काढून नियम वाचला—रूप आणि उपयोग दोन्ही बदलले तर माल नवा धरावा. म्हणाले, सिद्ध करा. मास्तरांनी पिशवीतून एक कोट काढला आणि साहेबांसमोर चराचरा उसवला. बाही वेगळी, पाठ वेगळी, भरण वेगळं. "आता घाला बघू हा कोट," म्हणाले. शिपाईसुद्धा बघायला आला.

शिक्का मिळाला!

बाहेर पडल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "गरीब असल्याचा एवढा एक फायदा. तो तरी नीट घेऊ."

"आणि उद्या देश श्रीमंत झाला, यादीतून नाव निघालं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या तोंडात साखर पडो, पण पहिली खेप जाऊ दे, मग होऊ दे श्रीमंत."

मी इतका हसलो की ठसका लागला. दिवसभराची भीती त्यातून बाहेर पडली बहुतेक.

१ मार्च, रविवार

घरी. ताई मोबाईल कानाला लावून तिकडच्या भाषेतली वाक्यं घोकत होती. उठताना हात देऊ का. गोळी घेतली का. दुखतं का.

मी म्हटलं, "आता कशाला शिकतेस? शिक्काही मिळाला."

"शिकलेलं काय वाया जातं?" म्हणाली.

घाबरलेली आहे. बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. बाबा गेल्यापासून घर तिनेच ओढलं. मी तेव्हा दहा वर्षांचा, आईचा दमा. तिला नर्सिंगला जायचं होतं, ते तसंच राहिलं. आता या वयात परक्या देशात, परक्या म्हाताऱ्यांचं करायला लागू नये. एवढंच माझं मागणं आहे.

६ मार्च, शुक्रवार

सगळी खेप तयार! शेवटच्या खोक्याला मी स्वतः पट्टी चिकटवली. एकेक अजगर हातात घेऊन तपासला आहे. शिवण, टोकं, जाळी. जाळी कुठे सैल नको म्हणून प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवलं. ट्रक पुढच्या शुक्रवारी.

संध्याकाळी बायकांनी गाणी म्हटली. मास्तरांनी टेबलावर ताल धरला. मी घरी येऊन पोटभर जेवलो. आई म्हणाली, "आज जेवलास बाबा!"

७ मार्च, शनिवार

मोठा घोटाळा झाला आहे. तरी लिहितो.

शेजारी फळांचं कोल्ड स्टोरेज आहे. त्यांचा वजनकाटा मागायला मालकीणबाईंनी मला पाठवलं. मी आधी कधी आत गेलो नव्हतो. वॉचमनकाका म्हणाले, काटा मागच्या खोलीत आहे, ये. गल्लीतून जाताना अचानक पायांना गार वाटलं. घोट्यापाशी. वर उकाडा आणि खाली कुणी बर्फ सांडल्यासारखं. बघतो तर थंड खोलीचं दार बंद, आणि काका वाकून त्या दाराच्या फटीत गोणपाट कोंबत होते.

"हे काय काका?"

"रबर फाटलंय. गारवा पळतो सगळा. विजेचं बिल माझ्या बापाने भरायचं का?"

मी तिथेच उभा राहिलो. गोणपाटाकडे बघत. दाराखाली, फटीला चिकटून, दाराएवढं लांब.

इकडे गारवा विकत घ्यावा लागतो, म्हणून तो जाऊ नये असं बघतात. तिकडे ऊब विकत घ्यावी लागत असणार! बाहेर बर्फ, आत शेगडी किंवा काय असेल ते. तिकडच्या माणसाला दाराखालून धूळ नको असते असं नाही—वारा नको असतो! वारा!

काटा विसरलो. पळत शेडमध्ये गेलो, वेगळा ठेवलेला नमुन्याचा अजगर उचलला, परत पळत गेलो. काका म्हणाले, "अरे हे काय आणलंस?" गोणपाट काढून अजगर लावला. चप्पल काढून उभा राहिलो. गारवा जाळीतून सरळ आत आणि जाळीतून सरळ बाहेर. माझ्या पायांच्या बोटांवर. काही म्हणजे काही अडत नव्हतं.

काका म्हणाले, "दिसायला झकास आहे. पण याला भोकं का पाडली?"

घरी कुणाला सांगितलं नाही. ताईच्या हौसेची जाळी. आणि प्रत्येक जाळीवरून बोट फिरवून पास केलं कुणी? मी.

८ मार्च, रविवार

सकाळीच मालकीणबाईंच्या घरी गेलो. जाताना ठरवलं होतं, आधी प्रस्तावना करायची. दार उघडल्यावर तोंडातून एकदम निघालं, "बाई, तिकडे थंडी असते."

त्या म्हणाल्या, "हो रे. मग?"

मग सगळं सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. पाणी मागितलं त्यांनी. मला वाटलं, संपलं.

पाणी पिऊन म्हणाल्या, "आपण सगळेच गाढव आहोत. एवढे कोट फोडले हातांनी. एवढा जाड कोट माणूस कशाला घालतो, हे एकालाही सुचू नये?"

मी म्हटलं, "चेक मी केलं होतं."

"आणि सही मी. जा, ताईला आणि मास्तरांना घेऊन ये. रडायचं असेल तर वाटेत रड, इथे आल्यावर नाही."

रडलो नाही. पण वाटेत डोळे चोळले.

ताईला सांगताना तिचं तोंड उतरेल अशी भीती होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. पोट धरून! "अरे देवा, थंडी अडवायच्या वस्तूला आपण खिडकी बसवली!" आईसुद्धा हसली. दमा लागेपर्यंत. मी एकटा कोरड्या तोंडाने उभा.

हसून झाल्यावर ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "विंडचीटर."

गासड्यांत विंडचीटर येतात, वारा न शिरणारे, चुरचुर वाजणारे. त्यांनाही इथे विचारत नाही कुणी. जाळी उसवत बसायचं नाही, वेळ नाही. जाळीच्या आतून विंडचीटरच्या कापडाची पट्टी सरकवायची, वर भरण दाबून भरायचं, तोंड शिवायचं. मास्तर म्हणाले, "होईल." मास्तर सहसा "बघू" म्हणतात.

९ मार्च

खोक्यांना लावलेल्या चिकटपट्ट्या मीच कापल्या. खोकी उघडताना अगदी जिवावर आलं. शेडभर अजगर पसरलेत, पाय ठेवायला जागा नाही. बायका म्हणतात, "इन्स्पेक्टरसाहेब, बघा हो, चावेल!"

११ मार्च

मास्तरांच्या जुन्या दुकानातले दोघे कारागीर आलेत मदतीला. मास्तर त्यांना माझी ओळख करून देताना म्हणाले, "या पोराला थंडी वाजली म्हणून आपण वाचलो." इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले नाहीत.

आता चेकिंगची नवी पद्धत. वॉचमनकाकांनी परवानगी दिली आहे. प्रत्येक खोक्यातला एक अजगर थंड खोलीच्या दाराला लावायचा आणि अनवाणी उभं राहायचं. आज सगळे पास. पायांना काही म्हणजे काही लागलं नाही, नुसता उकाडा. उकाड्याचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता!

काकांनी एक ठेवूनच घेतला. "गोणपाटापेक्षा बरा," म्हणाले. इथे आमचं पहिलं गिऱ्हाईक!

१३ मार्च, शुक्रवार

ट्रक गेला.

मागचं दार बंद झालं तेव्हा ताईने माझा हात घट्ट धरला होता. तिचा तळवा घामेजला होता. म्हणजे ती माझ्याइतकीच घाबरली होती! मला बरं वाटलं. एकट्याने घाबरण्यापेक्षा दोघांनी घाबरलेलं बरं.

२७ मार्च

जहाज समुद्रात. मालकीणबाईंच्या फोनवर एक ठिपका दिसतो, तेच आपलं जहाज म्हणे. मी दिवसातून किती वेळा विचारतो त्याची सगळे चेष्टा करतात. "बुडालं!" मास्तर म्हणतात. आणि स्वतःच येऊन बघतात.

शेडमध्ये काम थोडं. खेप पसंत पडेपर्यंत नव्या गासड्या येणार नाहीत. एजंटबाईंचा फोन आला होता, आईने घेतला. ताईला म्हणाली, "एप्रिलअखेर पक्कं सांगा म्हणतायत." ताई म्हणाली, "सांगते." बस. आत जाऊन मशीनला तेल घालत बसली. घरच्या मशीनला परवाच घातलं होतं.

९ एप्रिल

एक शंका छळते. विंडचीटरचं कापड वाजतं. दाराला घासलं की चुर्र. तिकडे आवाज खपत नसला तर? मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला काळजीचा पगार वेगळा देऊ का?"

१५ एप्रिल

ठिपका बंदरात लागला. काही कळवलेलं नाही अजून.

२१ एप्रिल, मंगळवार

चहा! मालकीणबाईंनी चहा मागितला!

पसंत! सगळी खेप ठेवून घेतली. गिऱ्हाइकाने लिहिलंय की माल त्यांच्या नेहमीच्या मालापेक्षा घट्ट आहे आणि थंडीच्या आधी याच्या चौपट हवा. जाळीबद्दल एकच ओळ—ती खालची जाळी कशासाठी असते, आमच्या लोकांना कळली नाही, पण दिसायला छान आहे, राहू द्या!

मालकीणबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली.  मग असा हशा पिकला की कोल्ड स्टोरेजमधून काका धावत आले.

परवानगी पक्की. शेड चालणार. मास्तरांना कटिंगचं खातं आणि त्यांचे दोन्ही कारागीर कायम. मास्तर शिंक आल्याचं नाटक करून बाहेर गेले. मला चेकिंगचा मुख्य केलं, पगार ताईएवढा! आईला सांगायला पळत घरी आलो. ती देवापुढे बसली होती. "झालं," म्हटलं. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

ताई मागून आली. तीही हसत होती. पण बसली आणि एकदम थकल्यासारखी भिंतीला टेकली. किती दिवसांचं ओझं! मी म्हटलं, "आता कुणी कुठे जायला नको." ती म्हणाली, "तू आधी जेव."

जानेवारीपासून पहिल्यांदा छाती मोकळी झाली आहे. श्वास पार खाली जातो. वही मिटतो, आज काळजी करायला काही शिल्लक नाही.

२६ एप्रिल, रविवार

नव्या गासड्यांची बातमी. जहाज निघालं म्हणे. मास्तरांनी ठिपका बघायला सुरुवात केली आहे, माझ्या आधीच!

३० एप्रिल, गुरुवार

ताईने एजंटबाईंना "येते" म्हणून कळवलं. जुलैत जाणार. तिकडे म्हाताऱ्यांकडे काम करता करता नर्सचं शिक्षण देतात. पहिली दोन वर्षं हातखर्चापुरतंच मिळतं, घरी काही पाठवता येणार नाही.

मी म्हटलं, "पण आता शेड चालली ना!"

"म्हणून तर जाता येतंय," ती म्हणाली. "बंद पडली असती तर तुम्हा दोघांना कुणाच्या भरवशावर टाकून गेले असते? ट्रक गेला तेव्हा माझा जीव कसा टांगला होता, तुला काय माहीत."

सोळा-सतरा वर्षांची असताना दिसायची तशी दिसत होती. मी "जा" म्हटलं. पहिल्यांदा जमिनीकडे बघत म्हटलं. दुसऱ्यांदा नीट म्हटलं.